रजिस्टरातला सिकंदर

“गुरुजी, मी राजा न्हाई. मी फाउंड्रीतला मोल्डर हाय,” जुल्करनैन म्हणाला. सकाळपासून हे त्याने तिसऱ्यांदा सांगितले होते. चिंचवडच्या या ओसरीवरची त्याची फेरीही तिसरीच होती.

दापोडीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या नानासाहेबांनी मान हलवली, पण मांडीवरच्या पुस्तकाकडे बघून.

“तोच तर घोळ आहे बाबा. कुराणातला जुल्करनैन म्हणजे दोन शिंगांचा राजा. लोक म्हणतात, तो सिकंदर. नाण्यावर सिकंदराला शिंगं आहेत, हे खरं. पण सिकंदर भजायचा अनेक देवांना, आणि हा राजा एकाच देवाला मानणारा. मग तो सिकंदर कसा? तो इराणचा जुना बादशहा कुरुश असावा. असावा म्हणतो मी. आहेच, असं छातीठोक...”

“आसंल! कुरुश आसंल!” जुल्करनैन कळवळून म्हणाला. “त्याला कुठं पिंपरीत नोकरी पायजे?”

गोष्ट बोटभर होती. पिंपरीच्या नव्या कारखान्यात जुल्करनैनची निवड झाली होती. फाउंड्रीत ओतकामाचे साचे भरायच्या वाळूने छाती भरत चालली होती. धंदा बदल, नाहीतर माझ्याकडे येऊ नकोस, असे डॉक्टरने तोंडावर सांगितले होते. शनिवारी दुपारी बाराच्या आत कागद द्यायचे होते. आज शनिवारच होता. सगळ्या कागदांवर नाव होते जुल्करनैन दस्तगीर मुलाणी. फक्त शाळेच्या दाखल्यावर होते सिकंदर दस्तगीर मुलाणी. कारखान्यातला कारकून म्हणाला, “हे दोघे एकच, असं शाळेकडून लिहून आणा.” दापोडीची शाळा म्हणाली, नोंद नानासाहेबांच्या हातची आहे, त्यांनीच लिहून द्यावे.

आणि नोंद त्यांच्याच हातची होती. एकवीस वर्षांपूर्वी दस्तगीर पोराला घेऊन शाळेत आला. नाव ऐकून नानासाहेब म्हणाले, “म्हणजे आपला सिकंदरच की!” आणि टाक बुडवून तसे लिहून मोकळे झाले. दस्तगीरला वाचता येत नव्हते.

आता हवी होती एक ओळ, आणि नेमकी तीच ओळ नानासाहेबांच्या हातून उतरत नव्हती. पहिल्या फेरीत त्यांनी नाण्यांची चित्रे दाखवली. दुसऱ्या फेरीत इराणचा नकाशा उलगडला. आज त्यांनी विचारले, “तू ओतकाम करतोस. त्या राजानं दोन डोंगरांमध्ये लोखंडाची भिंत घातली आणि वर वितळलेलं तांबं ओतलं. टिकेल का रे अशी भिंत?”

“भिंतीचं ठावं न्हाई गुरुजी. माझी नोकरी बाराला वितळनार, येवढं सांगतो.”

आतून नानासाहेबांच्या पत्नी शालनबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवला तो आदळूनच.

“अहो, मेलेल्या राजांची भांडणं राहू द्या. जिवंत माणूस दारात ताटकळलाय. एक ओळ लिहा आणि मोकळं करा त्याला.”

“दोघे एकच, असं खोटं लिहू?” नानासाहेबांचा आवाज चिरकला.

“रजिस्टरात लिहिलंत तेव्हा नाही हात आखडला तो!”

नानासाहेबांनी पुस्तक मिटले. मग पुन्हा उघडले. जुल्करनैनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितले. साडेदहा. त्याचा धीर सुटला. त्याने चहाला हात न लावता चपला पायात सरकवल्या.

“ऱ्हाऊ द्या गुरुजी. तुमचा सिकंदर तुमाला, तुमचा कुरुश तुमाला. मी जातो वाळू चाळायला.”

तो दोन पायऱ्या उतरला, तेव्हा मागून आवाज आला.

“हजेरी आठवते का रे तुला?”

तो वळला. नानासाहेब त्याच्याकडे बघत नव्हते.

“सिकंदर म्हणून पुकारलं की तू गप्प. समोर बसलेला असायचास आणि गप्प. तीन दिवस मी गैरहजर मांडत गेलो. चौथ्या दिवशी छडी मारली. तेव्हा म्हणालास, हजर. त्याच संध्याकाळी मी पहिलं पुस्तक उघडलं.” ते थांबले. “नोंद सुधारायला एक रेघ पुरली असती. पण माझ्या रजिस्टरात खाडाखोड नसते, म्हणून इन्स्पेक्टर पाठ थोपटून गेले होते. म्हटलं, ते दोघे राजे एकच निघाले, तर नोंदही बरोबर आणि छडीही. एकवीस वर्षं शोधतोय. निघत नाहीत रे.”

शालनबाईंनी कोरा कागद आणून त्यांच्यापुढे ठेवला.

जुल्करनैनला ती छडी आठवत नव्हती. शाळेत काय एक छडी खाल्ली होती? पण म्हाताऱ्याने ती एकवीस वर्षं मनात सांभाळलेली बघून ते सांगायचे त्याच्या जिवावर आले.

नानासाहेबांनी कागद ओढला. लिहिले, सही केली, तारीख घातली आणि कागद पुढे धरला. जुल्करनैन उभ्या उभ्या वाचू लागला.

‘सिकंदर दस्तगीर मुलाणी या नावाचा मुलगा आमच्या शाळेत कधीच नव्हता.’

संपलं! तीन फेऱ्या मारून हेच का पदरात पडायचं होतं? ओठावर आलेली शिवी गिळून त्याने खालची ओळ वाचली.

‘रजिस्टरात जुल्करनैनचे नाव मी माझ्या मनाने बदलून सिकंदर लिहिले. गैरहजेरीचे पहिले तीन दिवसही माझीच चूक आहे. जुल्करनैन पहिल्या दिवसापासून हजर होता.’