कुबडीचा जोडा

"तुमच्या मालाने आजवर कुणाला दगा दिलाय का?" बूटवालीने तिसऱ्या कारखानदारालाही तोच प्रश्न विचारला आणि मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

पिशवीत तिची दोन वर्षं होती. कुबडीच्या टोकाला बसवायचं, ओल्या फरशीवरही न घसरणारं रबर. तिने दुकानात बसून टायर कापून, घासून घडवलेलं. आणि त्यावरून करून घेतलेला एकुलता एक लोखंडी साचा. ती त्याला कुबडीचा जोडा म्हणायची.

बाबांचा डावा पाय लहानपणापासून अधू. बूट दुरुस्तीचं दुकान त्यांचंच, आता ती चालवायची. वर्षाकाठी बाबांच्या उजव्या बुटाला तीन टाचा लागत, डाव्याची टाच मात्र नवीच्या नवी. "उजवा राबतो, डावा बसून खातो," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. दोन वर्षांपूर्वी कुबडीचं बाजारचं रबर फाटलं आणि ते दुकानाच्याच पायरीवर पडले. खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा पडले तर उठणार नाहीत, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

आणि बाबांची अट अशी, की कारखान्यातून येणारा पहिला जोडा त्यांच्याच कुबडीला लागायचा. दुसऱ्या कुणाला पाडण्याआधी मला पाडू दे, म्हणायचे आणि हसायचे. तिला काही हसू येत नसे.

पहिला कारखानदार तिच्या प्रश्नावर म्हणाला होता की आमच्याकडे तक्रार हा शब्दच नाही. दुसऱ्याने भिंतीवरची प्रमाणपत्रं दाखवली होती. ती दोन्हीकडून चहा न पिता उठली. ज्याची शिवण कधी उसवलीच नाही, त्याने कधी शिवलेलंच नसतं, एवढं तिला वीस वर्षांत कळलं होतं.

तिसऱ्याने मात्र उठून दार लोटलं, खणातून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली आणि तिच्यापुढे ठेवली. मधोमध फाटलेलं कुबडीचं रबर होतं ते.

"दिलाय," तो म्हणाला. "अकरा वर्षं झाली. त्या दिवशी भट्टी नीट तापली नव्हती. मला माहीत होतं, तरी मी माल जाऊ दिला. एक माणूस जिन्यावरून पडला. आठवड्याभराने त्याची कुबडी सुटणार होती. आता जन्मभर पाय ओढतोय."

"कुठे असतो तो?"

"फाटकावर भेटला ना तुम्हाला? इथेच ठेवून घेतलं त्याला. रोज आत येताना त्याच्या पायाकडे बघून यावं लागतं मला. त्यानंतर इथून कच्चा राहिलेला एकही नग बाहेर गेलेला नाही."

तिला रखवालदार आठवला. उजवा पाय ओढत येऊन त्याने कडी काढली होती, तिची जड पिशवी पायऱ्यांपर्यंत आणून दिली होती. तिने ते रबर हातात घेऊन अंगठ्याने दाबलं. इतक्या वर्षांनीही ते मऊ होतं. म्हणजे मूळ माल तरी चांगला वापरतात, असं तिच्या मनात आलं.

तिने करारावर सही केली. तीन वर्षं साचा त्याच्याकडेच राहणार होता. एक कामगार येऊन साचा आत घेऊन गेला, आणि पहिली खेप आजच काढायला घेतो, असं कारखानदाराने सांगितलं.

बाहेर येताच तिने बाबांना फोन लावला. "मिळाला माणूस, बाबा. स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली त्याने."

"मग लाखात एक आहे," बाबा म्हणाले. "माझी कुबडी तयार ठेवतो."

रखवालदार पाय ओढत फाटक उघडायला निघाला. तिला त्याच्याबद्दल एकदम माया दाटून आली. आजचा दिवस त्याच्यामुळे मार्गी लागला होता. त्याच्यासाठी काहीतरी करायला हवं होतं.

"दादा, जरा बसा. बूट काढा."

"कशाला ताई?"

"बूट हाच माझा धंदा आहे. तुमच्या पायाच्या बेताची एक जोडी करून देते, ओढायला त्रास होणार नाही. जुना बूट पाहिला की मला चाल कळते."

तो हसला. मग हसायचा थांबला आणि त्याने कचेरीच्या खिडकीकडे पाहिलं. "राहू द्या ताई. फार जुने झालेत. तीन वर्षं रोज हेच घालतोय."

"जुनेच बरे. नव्यावर काही वाचायला नसतं."

तो नको नको म्हणत असतानाच ती सवयीने खाली बसली होती आणि तिने नाड्याही सोडल्या होत्या. आतून यंत्र सुरू झाल्याचा धडधडाट ऐकू आला. तिने उजवा बूट उलटा केला. मग डावा. मग दोन्ही शेजारी शेजारी धरले.

दोन्ही टाचा सारख्याच झिजल्या होत्या.