गाडीखालचे पत्रे

तपासनिसानं चेमटलेली गाडी जॅकवर चढवली, तेव्हा अण्णा लेकीकडे, मृण्मयीकडे पाठ करून उभे होते. दादाची ही शर्यतीची गाडी वळणावर जमिनीला चिकटून राहावी म्हणून मृण्मयीनंच घरच्या अंगणात ॲल्युमिनियमचे पत्रे कापून गाडीखाली बसवले होते. पहिल्याच शर्यतीत गाडी उलटली आणि दादा गेला. पत्राच निखळला असणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं एवढंच.

"टायर फुटला," तपासनीस म्हणाला. "पत्रे जागच्या जागी आहेत. काम पक्कं केलंय."

अण्णा वळले. "चुकलो गं बाळा," म्हणत तिला जवळ घेऊन ओक्साबोक्शी रडू लागले.

आता आपल्यालाही रडू येईल म्हणून तिनं वाट पाहिली. आलं नाही.

"चला अण्णा," ती म्हणाली, "आई जेवायची थांबली असेल."