फरशीला फुंकर

प्रियंकाचा हात सम्यकच्या गालावर बसला तेव्हा आवाज चांगला मोठा आला. सम्यक साडेतीन वर्षांचा. आजवर त्याच्यावर कोणी हात उचलला नव्हता. तो रडलासुद्धा नाही. खालचा ओठ पुढे काढून नुसता आईकडे बघत राहिला.

आणि प्रियंकाला काय वाटलं? काही नाही. खरंच काही नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग ओठ आपला असून आपला राहत नाही ना, तसा तो हात. पोराला लागलं हे तिला दिसलं, एवढंच.

बाळंतपणाला म्हणून माहेरी गेली होती ती, आणि घाटकोपरच्या खोलीत परत आली ती रिकाम्या ओटीने. सातव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं. आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने कुकर लावला. भाकऱ्या, सम्यकची आंघोळ, बालवाडीचा डबा, सगळं वेळेवर. शेजारच्या जानकीने दारातून विचारलं, "बरी आहेस ना गं?" प्रियंका म्हणाली, "मला काय झालंय?" सासूबाईंनी, सोनूबाईंनी, डोक्यावरून हात फिरवला. "काय न्हाई झालं, पोरी. दुसरं व्हईल." नवरा, भीमराज, रात्रपाळीला निघता निघता म्हणाला, "सोड ना यार, किती विचार करशील." तिने सोडला. एकदाही रडली नाही. चाळीतल्या बाया म्हणाल्या, भारी खंबीर आहे हो. कसली खंबीर, डोंबल! आतलं सगळं बंद पडलं होतं.

त्याआधी या घरात सासू-सुनेचं एकच भांडण होतं आणि तेही फरशीवरून. सम्यक धडपडला की सोनूबाई धावत यायच्या. "काय न्हाई झालं, काय न्हाई झालं!" असं म्हणत फरशीवर फाडकन चापट मारायच्या. "हात रे! माझ्या सोन्याला पाडतीस व्हय? हान तिला, तू बी हान!" सम्यक फरशीला दोन लगावायचा आणि डोळ्यांत पाणी असतानाच हसायला लागायचा. आपल्याकडे कोणाचं पोर असं वाढलं नाही?

प्रियंकाला मात्र ते बिलकूल पटायचं नाही. "आई, फरशीने काय केलं? आज फरशीला मारेल, उद्या माणसांना मारेल. आणि लागलंय त्याला, तर काही नाही झालं कसं म्हणायचं?" ती सम्यकला मांडीवर घ्यायची आणि विचारायची, "लागलं?" तो मान हलवायचा. ती थांबायची. त्याने तोंडाने "लागलं" म्हणेपर्यंत थांबायची. मग गुडघ्यावर फुंकर. आणि मग खाली वाकून फरशीवरही एक फुंकर. "केवढ्यांदा आपटलास तू तिच्यावर! तिलाही लागलं असेल ना?"

सोनूबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. "फरशीला फुकर! ऐका! मोबाईलवर बघून लेकरं वाढवायला निघाली. अगं, पोरगं बावळट निघंल की तुझं."

परत आल्यापासून फुंकर बंद झाली होती. सम्यक पडला तर पडला. 'हात रे' करायला आजी होतीच.

त्या दुपारी सम्यकने कपाटाचा खालचा खण उपसला आणि त्याला एक टोपडं सापडलं. सोनूबाईंनी आपल्या जुन्या मऊ लुगड्याचं शिवलेलं, येणाऱ्या बाळासाठी. त्याने ते रबरी हत्तीच्या डोक्यावर चढवलं, बंदसुद्धा कसेबसे गुंडाळले, आणि हत्ती आणून प्रियंकाच्या मांडीवर ठेवला.

"मम्मी, बाळ आलं. घे ना."

आणि हात बसला.

आवाज ऐकून सोनूबाई मोरीतून ओल्या हातांनीच आल्या. हत्तीवरचं टोपडं त्यांनी पाहिलं आणि क्षणभर तिथेच थबकल्या. पण तेवढ्यात सम्यकचा ओठ थरथरला. त्यांनी त्याला उचलून घेतलं. दुसरं काही सुचेना, म्हणून जिभेवर जे नेहमीचं होतं तेच आलं.

"कुनी मारलं माझ्या राजाला? मम्मीनं? हात रे मम्मीला! जा, तू बी हान तिला एक."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण पोरगं तोवर कडेवरून उतरलं होतं.

तो समोर येऊन उभा राहिला. त्याच्या गालावर चार बोटं लाल उमटली होती. प्रियंका हलली नाही. मारू दे, असं तिला वाटलं. जोरात मारू दे. तेवढं तरी मला कळू दे.

सम्यकने तिचा उजवा हात धरला, ज्याने मारलं होतं तो. उलटा केला. मिटलेली बोटं एकेक करून उघडली. मग वाकून त्याने तळहातावर फुंकर घातली. वाऱ्यापेक्षा थुंकीच जास्त उडाली.

"मम्मी," त्याने विचारलं, "लागलं?"

"काही नाही झा..."

एवढंच तिच्या तोंडून निघालं. सम्यक हात सोडेना. ती म्हणेपर्यंत थांबायचं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत उभाच राहिला.

प्रियंकाचा तळहात चुरचुरायला लागला.

"लागलं," ती म्हणाली. आणि मग इतक्या दिवसांचा हुंदका फुटला. "खूप लागलं रे, राजा. खूप लागलं."