पहिलं माप

ओसरीवर घरापुरती ठेवलेली गव्हाची रास होती. तिच्यापुढे म्हातारा मांडी घालून बसला. आधी त्याने राशीला हात जोडले, मग पितळी माप शिगोशीग भरून बियाण्याच्या कोऱ्या पोत्यात ओतलं.

"लाभ," तो म्हणाला. पहिल्या मापाला त्याने जन्मात कधी 'एक' म्हटलं नव्हतं. देणाऱ्याचं देणं मोजायचं, तर निदान तोंडात शब्द तरी गोड असावा, हे त्याच्या वडिलांनी शिकवलेलं. "दोन... तीन..."

बाकीची पोती घेऊन व्यापाऱ्याचा ट्रक नुकताच गेला होता. मुलगा खांबाला टेकून उभा होता.

"बाबा, बियाणं कशाला काढताय?"

"पेरायला. भाजून खायला काढतात होय?" म्हातारा हसला. "दाणा बघ कसा टपोरा! देवाने यंदा हात आखडला नाही."

"देवाने नाही आखडला. पण खत महागलं, डिझेल महागलं, कापणीच्या यंत्राचं भाडं वाढलं. आणि सगळीकडे उदंड पिकलं म्हणून भाव पडला. शेताने खाल्लं तेवढंसुद्धा परत दिलं नाही, बाबा."

"पुढच्या वर्षी देईल."

"हे गेल्या वर्षीही म्हणालात. त्याच्या आदल्या वर्षीही." मुलाने मान खाली घातली. "शेत मी खंडाने दिलंय. ते लोक तिथं लॉन पिकवणार आहेत. बंगल्यांपुढे अंथरायचं गवत."

"गवत?" म्हाताऱ्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "जन्मभर जे उपटलं, ते?"



म्हाताऱ्याने पोतं उचललं आणि राशीवर उपडं केलं. दाण्यांत दाणे मिसळले. पेरायचे कुठले होते, ते आता ओळखू येईना.

म्हातारी दळणाचा डबा घेऊन दारात थांबली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने डबा त्याच्यापुढे सरकवला.

त्याने माप भरलं, डब्यात ओतलं.

"एक."

"अहो," ती हळूच म्हणाली, "लाभ म्हणायचं राहिलं."

त्याने पुन्हा माप भरलं. या खेपेला वरची शीग तळहाताने निपटून राशीत पाडली.

"दोन," तो म्हणाला.