खाट पक्की झाल्याशिवाय

बकुळाबाईंनी आधी भावाचा, रवींद्रचा फोटो चौकशीच्या टेबलावर ठेवला, मग खुर्ची ओढून घेतली.

समोर सोमा उभा होता. अंबाडीच्या रुग्णवाहिका केंद्रात तो सत्तावीस वर्षं फोन घेत होता. त्याआधी शेलार गावच्या शाळेत बाईंच्याच वर्गात होता. पाढे चुकायचा, पण खोटं बोलल्याचं बाईंना आठवत नव्हतं. म्हणून तर जास्त लागलं होतं.

रवींद्रच्या छातीत कळ आली तेव्हा सोमाने फोनवर सांगितलं होतं, खाट तयार आहे, गाडी पाठवतो. कशेळीच्या रस्त्यावरच्या ट्रकांमधून वाट काढत गाडी इस्पितळात पोचली, तर दारावर उत्तर मिळालं, खाट नाही. पाऊण तास गाडी दारातच उभी राहिली. रवींद्र गाडीतच गेला.

चौकशी अधिकारी केसरीनाथ यांनी नोंदवही चाळली. पानोपानी तोच प्रकार. इस्पितळाचा होकार यायच्या आधीच ड्रायव्हरला 'खाट आहे'. आणि गाडीची चावी फिरायच्या आधीच इस्पितळाला 'गाडी निघाली'.

"म्हणजे दोन्हीकडे थापा," केसरीनाथ म्हणाले.

"गाडी निघाल्याबिगर ते खाट ठेवत न्हाईत, साहेब. आन् खाटंबिगर ड्रायव्हर निघत न्हाय. मी दोघांना हो म्हणतो. बहुतेक वेळा जमतं."

"बहुतेक वेळा," बाई म्हणाल्या. "रवींद्रला हेच जाऊन सांग."



बाईंचा संताप काही शमेना. त्यांच्या लहानपणी दत्तोपंत डॉक्टर सायकलवरून शेलारला यायचे. बॅग हातात घेतल्यावरच निरोप्याला 'येतो' म्हणायचे. शब्दाला तेवढी किंमत होती. आता सत्तावीस वर्षं एक माणूस धडधडीत खोटं बोलतो आणि कुणाला त्याची लाजही वाटत नाही! चार महिने त्या कचेऱ्यांचे जिने चढत राहिल्या. शेवटी सोमाला काढलं. त्याची खुर्चीसुद्धा उचलली.

त्या जागी संगणकाची व्यवस्था आली. ती बसवणारी यामिनी भिवंडीचीच मुलगी. फोनची, गाड्यांची आणि इस्पितळाच्या खाटांची, अशा तीन सेवा तिने एकमेकींना जोडल्या. कुठल्या पायरीनंतर कुठली, हे सगळं गणिताच्या भाषेत लिहून काढलं.

ती बाईंच्या घरी आली. म्हणाली, "बाई, काय होता कामा नये, ते एका वाक्यात सांगा. तेवढं मी सिद्ध करून देते."

बाईंना विचार करावा लागला नाही. "खाट पक्की झाल्याशिवाय गाडी हलता कामा नये."

इस्पितळानेही आपलं एक वाक्य पाठवलं होतं: गाडी निघाल्याशिवाय खाट राखली जाता कामा नये. यामिनीने दोन्ही वाक्यं व्यवस्थेत घातली. नुसत्या चाचणीवर तिचा भरवसा नव्हता. चाचणीत शंभर प्रसंग तपासले जातात, एकशे एकावा राहतो. तिने सिद्धता लिहिली. फोन कुठल्याही क्रमाने येवोत, कितीही येवोत, ही दोन वाक्यं कधीच मोडणार नाहीत. आणि मध्ये माणूसच नाही, तर थाप मारणार कोण? बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

सोमवारी सकाळी आठला व्यवस्था सुरू झाली. दुपारी एकला केसरीनाथांनी बाईंना केंद्रात बोलावलं. भिंतीवरच्या पडद्यावर हिरवे आकडे होते. आलेले फोन चौदा. नियमभंग शून्य.

"सत्तावीस वर्षांत असा एक दिवस नव्हता," केसरीनाथ म्हणाले. टाळ्या झाल्या. बाईंनी डोळे पुसले आणि पेढ्यांचा पुडा स्वतःच्या हातात घेतला.

चारही ड्रायव्हर ओळीने पुढे आले. शेवटच्याच्या हातावर पेढा ठेवताना बाईंनी सहज विचारलं, सकाळपासून फार धावपळ झाली असेल ना.

"न्हाय बाई," तो म्हणाला. "अजून एकबी गाडी हलली न्हाय."