छत्रीची दिशा

“आलं काय?” स्लॅबवरून शेषरावांनी विचारलं.

“नाही आलं!” वच्छलाबाईनं आतून ओरडून सांगितलं. टीव्हीचा पडदा निळाच होता, आणि त्यावर ‘सिग्नल नाही’ नि खाली सिग्नलची लाल पट्टी, एवढंच.

कालच्या वावटळीनं गल्लीतल्या सगळ्या डिशच्या छत्र्यांची तोंडं फिरवून टाकली होती. मेहकरचा डिशवाला काही इतक्यात फिरकणार नव्हता. पुण्याच्या ज्ञानेश्वरनं फोनवरून बापाला शिकवलं, बोटभर फिरवायची, थांबायचं, मग विचारायचं. आणि शेषराव पाना घेऊन वर चढले ते पक्के मेकॅनिक होऊनच. गुडघा धड वाकत नाही, स्लॅबला कठडा नाही, हे वच्छलाबाईनं सांगून पाहिलं. पण बाजारभाव पाहिल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही ते कुठले ऐकतात! तिचा अर्धा जीव पडद्यावर होता नि अर्धा वर.

घोटाळा मात्र वेगळाच झाला. गल्लीतले सगळेच कारभारी आपापल्या स्लॅबवर होते आणि त्यांच्या बायका आपापल्या टीव्हीसमोर. त्यातून इथं कुठल्याच बाईच्या नवऱ्याला नाव नाही. सगळ्यांचा एकच ‘अवो’. शेजारच्या वंदनानं “अवो, आलं!” म्हटलं की शेषराव नट आवळून मोकळे. वच्छलाबाईनं “अवो, गेलं!” म्हटलं की वंदनाच्या भागवतनं जमलेली छत्री फिरवलीच म्हणून समजा.

“आता घरातून आवाज आला तरच आयकीन,” शेषरावांनी वैतागून बजावलं. “भायेरचं ‘अवो’ आपलं नाही!”

पडद्यावरची लाल पट्टी घटकाभर हिरवी झाली, चित्र थरथरलं, पुन्हा गेलं. वरून विचारणाच नाही, म्हणून वच्छलाबाईनं अंगणात येऊन पाहिलं. जवळून जमेना तेव्हा शेषराव छत्री लांबून न्याहाळत होते. मान तिरपी, डोळे छत्रीवर, आणि पाऊल मागं. आणखी एक मागं. टाच स्लॅबच्या कडेला येऊन टेकली होती.

“अवो, मांगं!” ती ओरडली.

शेषराव ढिम्म. आवाज अंगणातला, म्हणजे आपला नाही. पलीकडे भागवतनं मात्र इमानेइतबारे आपली छत्री मागं फिरवली.

“अवो, मांगं पाहा नं!”

शेषरावांनी पुन्हा पाऊल उचललं.

दवाखान्यात कुणी मालकाचं नाव विचारलं की ही बाई शेजारणीकडे बघायची. शेजारीण सांगायची, ही मान हलवायची. तिच्याच तोंडून ते नाव असं निघालं की गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

“शेषराव! जागचे हलू नका!”

वंदना तोंडावर हात ठेवून दारात आली. शेषरावांचं पाऊल हवेतच थांबलं, मग पुढं टेकलं. त्यांनी मान वळवून खाली पाहिलं आणि मटकन बसले. बसल्या बसल्याच सरकत सरकत स्लॅबच्या मधोमध गेले.

माणूस वाचला याचा आनंद होताच, पण लाजही अशी आली की कपाळाखाली पदर ओढून वच्छलाबाई घरात पळाली. आता गावभर हसं होईल, आणि हे तर जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत, असं तिला वाटलं. भिंतीला टेकून ती नुसती उभी राहिली.

मग वरून, बसूनच पाना फिरवल्याचा करकर आवाज आला, आणि त्यामागून शेषरावांचा.

“वच्छला, पाह्य बरं. आलं काय?”

त्यांनी कुणाला हाक मारली हेच तिला आधी उमगेना. लग्न झाल्यावर ती ‘अवं’ झाली आणि पोर झाल्यावर ‘ज्ञानूची माय’. ते नाव माहेरी राहिलं होतं, आणि बाप गेल्यावर तिथंही कुणी घेत नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

पडद्यावर चित्र लख्ख होतं. निवेदक सोयाबीनचे भाव सांगत होता. तिनं रिमोट शोधून त्याचा आवाज बंद केला.

“नाही आलं,” तिनं वर सांगितलं. “अजून एकडाव इचारा.”