कीर्तनाचं तात्पर्य

चौऱ्याहत्तर साली वडूजच्या सप्त्यात काल्याचं कीर्तन लय रंगलं. दासीचे हात दुखतात म्हणून देव स्वतः तिच्या जात्याला बसला, हे बुवांनी गायलं तेव्हा लालासाहेब ढसाढसा रडले.

डिझेलवाचून गिरणी बंद होती, म्हणून घरी त्यांची बायको शालूबाई सुजल्या मनगटानं जोंधळा दळत होती.

"आवं, जरा दळू लागा की."

"मी? खुळी का काय तू?"

शालूबाई भडकली. "मंग एवढं रडून आलासा, बुवांनी सांगितलं तरी काय?"

"हेच की, बाईनं कुरकुर न करता दळावं. मंग देव येतो धावून."



शालूबाईनं खुंटा सोडला आणि ती उठली. "मंग बसा त्याची वाट बघत. आज भाकरी तो आल्यावरच."